मनगट दुखतंय, तिसऱ्या तासाला डोकं बंद पडतं, अजून एक कोर्स करू का? साइन लँग्वेज इंटरप्रिटरच्या कामाबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: दोन वर्षं साइन लँग्वेज इंटरप्रिटर म्हणून काम करतेय, बहुतेक वेळा एकटीच असते, कधी कधी सलग तीन तास. उजवं मनगट दुखतं, शेवटी शेवटी काही सुचेनासं होतं, फीडबॅक कुणीच देत नाही. पुढच्या महिन्यात पूर्ण दिवसाच्या ट्रेनिंगला एकटीला बोलावलंय, ते घेऊ का, आणि अजून कोर्स करून स्किल वाढवलं तर हा त्रास कमी होईल का?

ताई म्हणून विचारलंयस म्हणून मी सरळ तू म्हणते, राग मानू नकोस. आधी उत्तर देते मग बाकीचं. कोर्सने मनगट बरं होणार नाही आणि तिसऱ्या तासाला बंद पडलेलं डोकंही चालू होणार नाही. तू ज्याला "माझं स्किल कमी पडतंय" म्हणतेयस त्यातला बराच भाग स्किलचा नाहीच, तुला ज्या परिस्थितीत उभं करतात तिचा आहे, आणि हे कळायला मला स्वतःला आठ वर्षं लागली, कारण आपल्या कामात चूक झाली की ती आपल्याच हातातून बाहेर पडते ना, मग दोषही आपलाच वाटतो.

(शब्दांबद्दल एक. मी बधिर किंवा डेफ म्हणते, माझ्या ओळखीतले बरेच जण स्वतःला तसंच म्हणवतात. "मूक" तेवढं लावू नका कुणी, दिवसभर हातांनी बोलणाऱ्या माणसाला मूक कसं म्हणायचं.)

माझा एक दिवस सांगते. साडेतीन तासांचं सेफ्टी ट्रेनिंग होतं, मशीन कधी चालू करायचं, कधी नाही वगैरे. एकटी मी. मधे दहा मिनिटांचा ब्रेक, आणि त्या ब्रेकमधे दोन बधिर कामगारांना ट्रेनरशी बोलायचं होतं, म्हणजे ब्रेक त्यांचा झाला, माझा नाही. शेवटच्या तासात मला एकदम लय सापडली असं वाटत होतं, हात आपोआप चालत होते, मी खूश. संपल्यावर त्यांच्यातल्या एका वयस्कर बधिर बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, शेवटचा तास तू नव्हतीसच, नुसते हात होते. आणि मग विचारलं, कव्हर उघडं असताना मशीन चालू करायचं की नाही करायचं? कारण मी दोन्ही सांगून बसले होते. एका वाक्यात नकाराची मान हलवायची राहून गेली होती. बऱ्याच साइन लँग्वेजमधे "नाही" हे हातात कमी आणि मानेत जास्त असतं, मान राहिली की वाक्य उलटं होतं, आणि ऐकू येणाऱ्या लोकांपैकी कुणालाच त्याचा पत्ता लागत नाही.

मला त्या दिवसाचं सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर चूक नाही, "आपलं मस्त चाललंय" हे वाटणं. नंतर वाचताना कळलं की हे माझ्या एकटीचं नाही. जिनिव्हा विद्यापीठात बार्बरा मोझर-मर्सर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मधे एक प्रयोग प्रसिद्ध केला, बोली भाषांच्या कॉन्फरन्स इंटरप्रिटर्सवर केलेला. त्यांना सांगितलं, दर्जा घसरतोय असं स्वतःला वाटेपर्यंत थांबू नका. साधारण ३० मिनिटांच्या पुढे अर्थाच्या चुका वाढत गेल्या, आणि मुख्य म्हणजे त्या वाढतायत हे त्या अनुभवी लोकांच्या लक्षात येत नव्हतं. म्हणजे थकवा आधी आपली चूक पकडणारा भागच बंद करतो. म्हणून "मी दमले की सांगेन", "मला चालतं एकटीला" या वाक्यांना काही अर्थ नाही, दमलेली माणसंच ती सर्वात ठामपणे बोलतात. मी बोलायचे.

म्हणून काम तासाभराच्या पुढचं असेल, किंवा तासाभराचंच पण गच्च असेल (लेक्चर, कोर्ट, मेडिकल परिषद), तर दोन जण, आणि दर १५-२० मिनिटांनी अदलाबदल. हे लाड नाहीत, अनेक देशांत हीच पद्धत आहे. पण दोन जण म्हणजे एक काम करतोय आणि दुसरा मोबाइल बघतोय असं नाही हां. जो हात खाली ठेवून बसलाय त्याने आकडे, नावं, सुटलेली "नाही" पकडायची, गरज पडली तर बारीक खूण करून द्यायची. माझ्या मते तो वेळ विश्रांतीचा नसतोच, कामाचा प्रकार फक्त बदलतो. आणि जोडीदाराने चूक दाखवली तर लोकांसमोर अपमान झाला असं वाटून घेणारे पण खूप आहेत आपल्यात, त्यामुळे सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं बोलून घ्यायचं, तुला शब्द कसा देऊ, खुणेने, चिठ्ठीने, की मधे घुसून? दोन वर्षं एकटीने केलेलं असलं की हे टीमवर्क शिकायचं राहूनच जातं, तुझंही राहिलं असणार.

आता मनगट. हे दुखणं अंगावर काढू नकोस, आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखव, रात्री मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल तर याच आठवड्यात. उपचार मी सांगणार नाही, पण काम करताना काय होतं ते सांगू शकते. १९९२ मधे फॉयरस्टाइन आणि फिट्झजेराल्ड यांनी हात दुखणारे आणि न दुखणारे इंटरप्रिटर काम करताना तपासले. दुखणाऱ्यांत चार गोष्टी वेगळ्या दिसल्या: मधे मधे हात टेकवून थांबणं कमी, मनगट सरळ रेषेतून जास्त वेळा वाकलेलं, हात शरीराजवळच्या सोयीच्या जागेबाहेर जास्त वेळा जाणारे, आणि बोटांची हालचाल जास्त वेगवान. आता तू स्वतःचा एक व्हिडिओ काढ आणि याच चार गोष्टी बघ. वक्ता श्वास घेतो, पाणी पितो, स्लाइड बदलतो, तेव्हा तुझे हात कुठे असतात? माझे हवेत असायचे, पुढचं वाक्य पकडायच्या तयारीत. ते खाली मांडीवर किंवा पोटाशी येऊ देणं ही एवढीशी सवय लावायला मला सहा महिने लागले, पण दुखण्यात फरक पडला तो त्याने.

आणि इथे एक गंमत आहे जी मला कुठल्याच वर्गात कुणी सांगितली नाही. बोटं वेगात का पळतात? कारण आपण वक्त्याच्या शेपटीला धरून पळत असतो, शब्द आला की साइन, शब्द आला की साइन. डेनिस कोकली यांनी १९८० च्या दशकात ऐकणं आणि साइन करणं यातल्या अंतराचा अभ्यास केला होता, त्यात दोन सेकंद मागे असणाऱ्यांच्या चुका चार सेकंद मागे असणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाल्या. आपल्याला वाटतं जवळ राहिलं की काही सुटणार नाही, होतं उलटं. थोडं मागे राहिलं की वाक्याचा अर्थ हातात येतो, मग दहा शब्दांच्या जागी तीन-चार साइन आणि चेहरा पुरतो, हातांसमोरची जागा नीट वापरता येते, आणि हातही कमी राबतात. म्हणजे मनगटाचं दुखणं काही प्रमाणात भाषेचंही दुखणं असतं. वर म्हटलं ना की कोर्सने मनगट बरं होणार नाही, ते बरोबरच आहे, पण मागे राहायचा सराव मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतो.

पण मागे राहायची हिंमत कधी होते, तर विषय आधी माहीत असेल तेव्हा. प्रेप मटेरियल न देता बोलावणं ही माझ्या मते आपल्या धंद्यातली सर्वात मोठी आणि सर्वात स्वस्तात सुटणारी अडचण आहे. स्लाइड्स, कार्यक्रमपत्रिका, बोलणाऱ्यांची नावं, कंपनीतले शॉर्टफॉर्म. नावाला साइन माहीत नसली की बोटांनी स्पेलिंग करावं लागतं, आणि अनोळखी नाव पहिल्यांदा ऐकून, स्पेलिंगचा अंदाज बांधून, बोटांनी काढेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. आयोजक म्हणतात "गोपनीय आहे". मग म्हणायचं, मी ते सगळं खोलीत ऐकणारच आहे, दोन दिवस आधी वाचलं तर काय बिघडेल? बहुतेक वेळा याला उत्तर नसतं आणि फाइल येते.

जागेबद्दल भराभर सांगते. खिडकीकडे पाठ करून उभी राहू नको, तू नुसती काळी आकृती दिसतेस. वक्त्याच्या जवळ रहा, म्हणजे बधिर माणसाला दोघं एका नजरेत दिसतील. कपडे एका रंगाचे, कातडीपेक्षा वेगळ्या छटेचे. ऑनलाइन असेल तर चौकट छोटी, हात आखडून काम होतं, मनगट जास्त वाकतं, हातांची पुढे-मागे हालचाल सपाट दिसते, म्हणून ऑनलाइनला अदलाबदल आणखी लवकर कर. रेकॉर्डिंग होणार का आणि ते कुठे टाकणार हे आधी विचार, तुझा चेहरा आहे त्यात.

आता डोकं. हे हातांपेक्षा उशिरा दुखतं आणि कुणाला दाखवता येत नाही. १९७९ मधे रॉबर्ट कारासेक यांनी मांडलं होतं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही, काम जास्त आणि त्यावर आपलं नियंत्रण कमी असेल तर मोडतो. रॉबिन डीन (त्या स्वतः इंटरप्रिटर) आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट पोलार्ड यांनी २००१ मधे हेच आपल्या कामाला लावून दाखवलं. कामाच्या मागण्या त्यांनी चार ठिकाणी शोधल्या: जागा, माणसांमधले ताण, माणसं कशी बोलतात किंवा साइन करतात ते, आणि आपल्या स्वतःच्या आत काय चाललंय ते. आणि प्रत्येकावर आपल्याकडे काय उपाय आहे, तो कामाच्या आधीचा, मधला की नंतरचा. मी हे वाचलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली की मी सगळे उपाय "मधल्या" वेळात शोधत होते, उभी असताना, घाम पुसत, आणि तेव्हा हातात जवळजवळ काहीच नसतं. आधी स्लाइड मागणं, जोडीदार मागणं, नंतर कुणाशी बोलणं, हे सगळं मी कामात धरतच नव्हते.

नंतर बोलणं याच्यावर थोडं थांबते. आपण "मी" म्हणून बोलतो. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट वाईट आहे की आपण ते हातांनी सांगतो, आणि समोरची बाई जे म्हणते ते आपल्या तोंडून "मी" म्हणून बाहेर पडतं, "मला मरायचं नाहीये". पोलिसांसमोर, कोर्टात, मारहाणीची जबानी, तीही "मला मारलं". तासाभराने आपण दुसऱ्या खोलीत हसत हसत कुणाच्या तरी निरोप समारंभाचं भाषण करतोय. आणि गोपनीयता आहे म्हणून घरी कुणाला सांगायचं नाही. नर्सेसना, समुपदेशकांना निदान कुठेतरी केस बोलायची सोय असते, आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी नाहीच, मग लोक एकतर दगड होतात नाहीतर काम सोडतात. माझ्या बरोबरीच्या चांगल्या दोघी अशाच गेल्या. आम्ही पाच जणांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ ठेवलीये, माणूस, गाव, तारीख, आजार सगळं काढून किंवा बदलून फक्त "अशी परिस्थिती होती, मी असं केलं, त्याने असं झालं, दुसरं काय करता आलं असतं" एवढंच बोलायचं. गॉसिप होऊ द्यायचं नाही, हा एकच नियम कडक. कुठल्याही वर्कशॉपपेक्षा मी तिथे जास्त शिकले.

आता तू विचारलेल्या कोर्सबद्दल आणि त्याला जोडून सर्टिफिकेटबद्दल. अमेरिकेत आरआयडी ही साइन लँग्वेज इंटरप्रिटर्सची संस्था १९६४ पासून आहे, तिथे सर्टिफिकेट टिकवायला चार वर्षांच्या चक्रात ८० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ब्रिटनच्या इंटरप्रिटर्सच्या रजिस्टरवर राहायला वर्षाला २४ तास. ऑस्ट्रेलियात दर तीन वर्षांनी नूतनीकरण. हे असावंच, नाहीतर २० वर्षांपूर्वी जे शिकलो त्याच्यावरच लोक चालवतात आणि भाषा पुढे निघून जाते. पण तास भरणं म्हणजे शिकणं नाही, वेबिनार लावून भांडी घासणारे आपण सगळेच आहोत. तास कुठे घालवायचे हा प्रश्न खरा, आणि माझं मत विचारशील तर व्हॉइसिंगमधे, म्हणजे बधिर माणूस साइन करतो आणि आपण बोलतो त्या दिशेत.

कारण विचित्र आहे. आपल्यातले बहुतेक जण साइन लँग्वेज मोठेपणी शिकलेले (आईवडील बधिर असलेली मुलं सोडून), तरी आपल्याला स्वतः साइन करणं सोपं वाटतं आणि दुसऱ्याचं साइन वाचून आवाज देणं अवघड. वर्गात साइन करायचा सराव ढीगभर होतो, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या भागातल्या बधिर माणसांना तासन् तास बघत बसायचा होत नाही. आणि नेमकं तिथेच नुकसान बधिर माणसाचं होतं. एका मुलाखतीला मी होते, उमेदवार बधिर इंजिनियर, हुशार, त्याच्या विषयातले शब्द मला येत नव्हते, मी "अं... म्हणजे... ते" करत राहिले. त्याला नोकरी मिळाली नाही. बाहेर आल्यावर तो शांतपणे म्हणाला, ते लोक तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या येत होत्या, त्या आठ्या माझ्या नावावर जमा झाल्या. मी साइन करताना अडखळले असते तर त्याने मला लगेच थांबवलं असतं, पण माझा आवाज त्याला ऐकू येत नाही, तो कसा थांबवणार? त्यानंतर मी तीन वर्षं दर आठवड्याला एक बधिर व्यक्तीचा व्हिडिओ घेऊन पाच मिनिटं आवाज द्यायचे, रेकॉर्ड करायचे, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न बघता नुसता आवाज ऐकायचे, की हा माणूस मला हुशार वाटतोय का. फार लाज वाटते सुरुवातीला. कर.

आणि ऐकू येणाऱ्या लोकांकडून फीडबॅक मागू नको. ते म्हणणार किती छान, किती सुंदर हात हलतात. १० डिसेंबर २०१३ ला जोहान्सबर्गच्या स्टेडियममधे मंडेलांच्या श्रद्धांजली सभेत एक माणूस जगातल्या नेत्यांशेजारी उभा राहून कुठल्याच भाषेत नसलेले हातवारे करत राहिला, स्टेडियममधे कुणीही त्याला थांबवलं नाही, घरी टीव्ही बघणाऱ्या बधिर लोकांनी ते ओळखलं. त्याला नेमताना एका बधिर माणसाला दोन मिनिटं दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तुलाही तेच सांगते, एखादी बधिर मेंटर गाठ, आणि तिच्या वेळेचे पैसे दे, "समाजसेवा म्हणून शिकवा ना" असं म्हणू नको, आपणच आपल्या वेळेचे पैसे मिळत नाहीत म्हणून रडतो. "कसं झालं?" असं विचारलंस तर सगळे "चांगलं" म्हणतात, म्हणून नेमकं विचार: कुठे तुला दोनदा विचार करावा लागला? कुठे माझा चेहरा आणि हात वेगळं बोलत होते? आणि समोरची व्यक्ती घरगुती खुणांवरच वाढलेली असेल, किंवा लहान मूल असेल, तेव्हा बधिर इंटरप्रिटर (स्वतः बधिर असलेली, आपलं साइन त्या व्यक्तीला कळेल अशा खुणांत मांडणारी) सोबत मागून घे, ती हार नाही. माझं काम सगळ्यात चांगलं झालंय ते अशा जोड्यांमधे.

शाळेत काम करणाऱ्यांसाठी एवढंच की तिथे मुलाला भाषा तुझ्याकडूनच मिळत असते, त्यामुळे रोज सहा तास एकटीने हे तिथे दुप्पट चुकीचं आहे.

आता मागायचं कसं. "मला त्रास होतो" असं म्हणून मागितलं की उत्तर येतं, मग दुसरी बघतो. "बधिर कर्मचाऱ्यांना दुपारनंतर चुकीची माहिती जाईल" असं म्हटलं की प्रश्न त्यांचा होतो. हे काही डावपेच नाहीत, खरंच तसंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंगांच्या हक्कांच्या करारात नवव्या कलमात साइन लँग्वेज इंटरप्रिटरच्या आधी "प्रोफेशनल" हा शब्द मुद्दाम आहे, आणि हक्क बधिर माणसाचा आहे, आपला नाही, तेव्हा बोलताना त्यांना बरोबर घे. त्यांनी एक मेल टाकलं तर आपल्या दहा मेलपेक्षा जास्त काम होतं. आणि लेखी ठेव: किती वेळ, किती जण, ब्रेक कुणाचे, रद्द केलं तर किती दिवस आधी आणि किती टक्के, प्रवासाचा वेळ धरणार की नाही. फोनवर "हो हो बघू" झालेलं त्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

पुढच्या महिन्याचं ट्रेनिंग एकटीने घेऊ नको. आजच लिही, साधारण असं: "पूर्ण दिवसाचं काम दोन इंटरप्रिटर २० मिनिटांच्या पाळीने करतात, कारण अर्ध्या तासानंतर चुका वाढतात. दुसऱ्या व्यक्तीचं नाव मी सुचवू शकते. दोघांचं बजेट नसेल तर कार्यक्रमाचा सगळ्यात महत्त्वाचा दीड तास ठरवा, तेवढा मी एकटी करेन, मधे १५ मिनिटांच्या पूर्ण ब्रेकसह." दीड तास एकटीने हीसुद्धा तडजोडच आहे, आणि तुझं मनगट डॉक्टरांनी कामाला सोडलं तरच. नाहीच म्हणाले तर नकार दे, आणि का दिला ते तिथल्या बधिर लोकांना कळव, गुपचूप गायब होऊ नको. हो म्हणाले तर त्याच मेलमधे स्लाइड्स माग, आणि बोलणाऱ्यांच्या नावांची यादी, स्पेलिंगसकट.